पंपावरचा भाव : न्याय्य की केवळ सोयीचा?

अर्थशास्त्राच्या तासाला ‘किंमत’ हा शब्द पावलोपावली येतो. ‘न्याय्य किंमत’ हे शब्द मात्र क्वचितच. तेराव्या शतकात टॉमस अ‍ॅक्वायनस या धर्मपंडिताने न्याय्य किमतीचा विचार मांडला एवढे आपण वाचतो आणि लगेच मागणी-पुरवठ्याच्या वक्रांकडे वळतो. पण कॅन्टीनमध्ये पेट्रोल-डिझेलच्या भावाची गोष्ट निघाली की पहिला शब्द कानी पडतो तो ‘अन्याय’. हा अन्याय नेमका कोठे आहे, की मुळात नाहीच, हे तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. माझ्या वडिलांचा टेम्पो आहे व ते त्यातून गावचा भाजीपाला बाजार समितीत नेतात. त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा करीत नाही. आकडे मात्र तटस्थ आहेत.

प्रथम भावाची फोड पाहू. दि. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत पेट्रोल ८९ रुपये २९ पैसे लिटर होते. त्यात तेलाची मूळ किंमत ३१.८२ रुपये, वाहतूक २८ पैसे, पंपचालकाचे कमिशन ३.६८, केंद्राचे उत्पादन शुल्क ३२.९० आणि राज्याचा मूल्यवर्धित कर २०.६१ रुपये. म्हणजे शंभरातले साठ रुपये कराचे! पुढे जून २०२२ मध्ये तेथेच भाव ९६.७२ होता; त्या वेळी मूळ किंमत ५७.१३ वर गेली होती आणि दोन्ही कर मिळून ३५.६१ रुपये, म्हणजे सुमारे ३७ टक्के, उरले होते. तेल पावणेदोन पटीहून अधिक महागले, पण ग्राहकाला वाढ लागली साडेसात रुपयांच्या आत. याचे श्रेय सरकारला द्यावयास हवे, कारण त्याने मधल्या काळात दोनदा शुल्क कमी केले. पण मग २०२१ साली ते एवढे चढले कसे, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७३ च्या तेलसंकटानंतरचा दीर्घ काळ आपल्याकडे भाव दिल्लीत ठरत असत. ही सरकारी दरपद्धती २००२ साली कागदोपत्री संपली. प्रत्यक्षात पेट्रोल जून २०१० मध्ये व डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, आणि १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलू लागले. जागतिक बाजारात तेल चढले तर भाव चढेल, उतरले तर उतरेल, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्वाला माझी हरकत नाही. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात तेल कोसळत असताना उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढले : पेट्रोलवर एकूण ११.७७ आणि डिझेलवर १३.४७ रुपये. एप्रिल २०२० मध्ये भारताला लागणारे कच्चे तेल सरासरी सुमारे २० डॉलर बॅरल इतके स्वस्त झाले. मे महिन्यात पेट्रोलवर १० व डिझेलवर १३ रुपये शुल्क एका फटक्यात चढले. जगात तेल मातीमोल झाले आणि आपल्या पंपावर त्याची चाहूलही लागली नाही. चढताना बाजार, उतरताना सरकार, असा हा झोका आहे.

बाजार तरी रोज बाजारासारखा वागतो काय? नोव्हेंबर २०२१ च्या प्रारंभापासून २१ मार्च २०२२ पर्यंत, युक्रेनचे युद्ध पेटून तेलाने शंभर डॉलर ओलांडले तरी, कंपन्यांचे भाव जागचे हलले नाहीत. त्या काळात उत्तर प्रदेश, पंजाब, गोवा आदी राज्यांत निवडणुका होत्या. मतमोजणी १० मार्चला झाली. २२ मार्चपासून सोळा दिवसांत दहा रुपयांची वाढ झाली. कच्च्या तेलाला आचारसंहिता लागू असते हे आमच्या क्रमिक पुस्तकात दिलेले नाही! त्यानंतर कंपन्यांनी काही महिने तोटाही सोसला व पुढे २०२३-२४ मध्ये विक्रमी नफा मिळवला. भाव मात्र मार्च २०२४ मधील दोन रुपयांच्या कपातीपर्यंत त्यांनी तसाच ठेवला.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली चांगल्या कराच्या चार कसोट्या सांगितल्या : समता, निश्चितता, सोय आणि काटकसर. शेवटच्या दोन्हींत पेट्रोलचा कर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. मूठभर कंपन्यांकडून तो गोळा होतो, लपवाछपवीला वाव नाही, आणि देणारा थोडाथोडा देत असल्याने त्याला आपण कर देत आहोत हे जाणवतही नाही. निश्चिततेचे वर वर्णन केलेच आहे.

समतेचा प्रश्न अधिक बोचतो. प्राप्तिकर उत्पन्न पाहून लागतो; पंपाला उत्पन्न दिसत नाही. दहा लिटर डिझेल जाळणाऱ्या टेम्पोने २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राला रोज ३१८ रुपये दिले, तेवढेच दहा लिटर भरणाऱ्या आलिशान मोटारीनेही दिले. शिवाय टेम्पोवाल्याला ते भाड्यात टाकता येतील असे पुस्तक सांगते. वडिलांना विचारले तर ते म्हणतात, “टोमॅटोला भाव नसताना शेतकऱ्याकडं क्रेटमागं जादा पैसे कोणत्या तोंडानं मागू?” कराचा भार पुढे ढकलण्याची ही उपपत्ती ओळखीच्या माणसापाशी येऊन अडते.

बरे, हा पैसा जातो कोठे? पेट्रोलवरील त्या ३२.९० रुपयांपैकी मूळ उत्पादन शुल्क होते अवघे १ रुपया ४० पैसे. बाकीचा भाग विशेष शुल्क व उपकर या नावांनी घेतलेला. वित्त आयोगाच्या सूत्रानुसार राज्यांना वाटा मिळतो तो त्या १.४० मधूनच, उपकर आणि अधिभार वाटपात येत नाहीत. राज्ये तक्रार करतात ती यासाठी, आणि ती रास्त आहे.

पण राज्येही धुतल्या तांदळासारखी नाहीत. महाराष्ट्राने २०१५ साली दुष्काळ निवारणासाठी लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. पाऊस चांगला झाल्यावरही तो लगेच गेला नाही. राज्याचा कर टक्केवारीने असल्याने तेल महागले की तिजोरी आपोआप भरते. पुन्हा परभणीसारख्या जिल्ह्यात तेल मनमाडजवळच्या आगारातून लांबून यावयाचे, म्हणून राज्यातील चढ्या भावांच्या यादीत त्या गावाचे नाव वारंवार झळकते. मनात आणले तर राज्य काय करू शकते हे गोव्याने दाखवले : २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरील कर जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल सुमारे अकरा रुपयांनी उतरले. पुढे तोही कर परत चढला हे खरे.

दुसरी बाजू मांडणारे म्हणतात, आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो, धुराने शहरे काळवंडली आहेत, रस्ते बांधावयाचे आहेत. मग तेल स्वस्त कशाला? मला हा युक्तिवाद पटतो. महाग पेट्रोल अन्यायाचे असतेच असे नाही. पण मग तसे उघड सांगावे, ‘हा बाजाराचा भाव आहे’ असे म्हणू नये. आणि ज्या गावाला दिवसातून दोनच एस.टी. आहेत तेथील माणसाला मोटारसायकल सोडून दे म्हणण्यापूर्वी तिसरी एस.टी. द्यावी. डिझेलवर मोटार आणि टेम्पो यांत भेद करणे अशक्यही नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आपले राज्य डिझेलवरील कराचा परतावा देतेच. तो उशिरा मिळतो ही ओरड निराळी.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला, पण पेट्रोल-डिझेल त्याबाहेर ठेवले गेले, कारण इतकी दुभती गाय केंद्रालाही सोडवत नव्हती आणि राज्यांनाही. ती नजीकच्या काळात सुटेल असे मला वाटत नाही. म्हणून माझी मागणी लहान आहे. विजेच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे सारे वेगवेगळे छापलेले असते. वडिलांच्या टेम्पोतल्या पंपाच्या पावत्या मी या लेखासाठी चाळल्या. त्यांवर लिटर आहेत, दर आहे, एकूण रक्कम आहे. केंद्राचा कर किती आणि राज्याचा किती, या दोन ओळी तेवढ्या त्यावर छापाव्यात.