केसपेपरवरचं ‘फॉलो अप’

आमच्या गारगोटीच्या वस्तीतल्या एक मावशी. बीपी वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी एक महिन्याच्या गोळ्या दिल्या. त्या मावशींनी नेमाने खाल्ल्या. डोकं दुखायचं थांबलं, गोळ्याही संपल्या. तीन महिन्यांनी सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तोंड वाकडं झालं. कोल्हापूरला न्यावं लागलं. उजव्या हातात अजून पुरती ताकद नाही.

नंतर मी त्यांचा जुना केसपेपर पाहिला. तळाशी इंग्रजीत लिहिलं होतं : एफ, तिरकी रेघ, यू, एक महिना. मी विचारलं, “मावशी, हे वाचून घेतलं नव्हतं का कुणाकडून?” त्या म्हणाल्या, “ती डॉक्टरांची सही असंल म्हटलं, बाई.”

एफ-यू म्हणजे ‘फॉलो अप’. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर इंग्रजीचा धडा.

‘फॉलो’ म्हणजे मागोमाग जाणे. ‘फॉलोअर’ म्हणजे अनुयायी, हे आपल्याला सांगायला नको. पुढचा ‘अप’ मात्र ‘वर’ या अर्थाचा नाही. तो जोडला की अर्थ होतो : सुरू केलेल्या कामाच्या मागे राहणे, ते मधेच न सोडणे. मराठीत पाठपुरावा. तहसील कार्यालयात जातीच्या दाखल्यासाठी आपण हेलपाटे घालतो, तोही फॉलो अपच. “आय वेंट टु फॉलो अप ऑन माय सर्टिफिकेट” म्हणजे मी दाखल्याचं काय झालं ते बघायला गेले होते. काम होऊन गेलेलं असेल तर ‘फॉलोड अप’ म्हणायचं. मुलं ‘फॉलो-अप्ड’ म्हणतात, ते चूक.

दवाखान्यात तीन वाक्यं पुरतात. “व्हेन शुड आय कम फॉर फॉलो-अप?” : पुन्हा तपासायला कधी येऊ? “आय हॅव कम फॉर अ फॉलो-अप” : मी आधी दाखवलंय, पुढच्या तपासणीला आलेय. हे म्हणताना जुना कागद पुढे करा. “प्लीज फॉलो अप ऑन माय रिपोर्ट” : माझ्या रिपोर्टचं काय झालं ते बघा. वाक्य आठवलं नाही तर सरळ मराठीत विचारा आणि तारीख मराठीतच लिहून मागा. आपल्याला इंग्रजी येत नाही यात लाजण्यासारखं काही नाही. पेशंटला न कळणारा कागद अर्धवट कागद आहे, असं मी नर्स असतानाही म्हणायची.

खरी गोम पुढच्या शब्दात असते. ‘फॉलो अप एस.ओ.एस.’ लिहिलं असेल तर त्रास झाला तरच या. ‘फॉलो अप वन मंथ’ असेल तर बरं वाटत असलं तरी महिन्याने या. मावशींनी दुसऱ्याला पहिलं समजलं. बीपी बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही, गोळीने ते ताब्यात राहतं, जात नाही. म्हणून “आता बरं हाय” हे गोळी थांबवायचं कारण होऊ शकत नाही. साखरेचंही तसंच. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, त्यांनाही तो शेवटपर्यंत सांभाळावा लागला. टीबीत साधारण सहा महिन्यांचा कोर्स, दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासतात. बरं झाल्यावरसुद्धा दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, तपासणीला बोलावतात. तोही फॉलो-अप, आणि सगळ्यात जास्त तोच चुकतो.

तारीख लक्षात ठेवायला आमच्या महिला मंडळाने एक सोय केली आहे. पौर्णिमेला आपण विहारात वंदनेला जमतोच. दोन पौर्णिमांत एकोणतीस-तीस दिवस असतात आणि सरकारी दवाखान्यातून बीपीच्या गोळ्याही बहुधा तीस दिवसांच्या मिळतात. म्हणून वंदना झाल्यावर ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्या आपली पाकिटं आणतात. किती उरल्या ते मोजतो. चार-पाच उरल्या असतील तर त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात कोण कुणाबरोबर जाणार ते तिथंच ठरतं. गोळ्या जास्त उरल्या असतील तर मधे खाल्ल्या नाहीत हेही कळतं, मग थोडी बोलणी बसतात.

मावशी आता येतात. पाकीट डाव्या हाताने पुढे करतात आणि मोठ्याने म्हणतात, “फालो-अप!”