माळ्यावरचा संसार

प्रश्न : सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. माळ्यावर त्यांची पितळी भांडी आणि ट्रंकभर नऊवारी लुगडी आहेत. जागा नाही, पण टाकवतही नाही. काय करू?

उत्तर : ताई, टाकवत नाही यात गैर काही नाही. पण एकटीने निर्णय घेऊ नका. सगळं हॉलमध्ये मांडा आणि दीर-नणंदांना बोलवा. त्यांच्याही आईच्या वस्तू आहेत, हवं ते त्यांनी न्यावं.

शाबूत बुडाचं एखादं पातेलं कल्हई करून रोज वापरा. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, आमटी असं आंबट काही ठेवू नका. उरलेलं मोडीत द्या, मात्र आधी घरी वजन करा आणि दोन दुकानांत भाव विचारा.

सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवून घ्या. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही, आणि नातवंडं आजीच्या लुगड्यात झोपतील. जरीची लुगडी मात्र घाईने बोहारणीला देऊ नका. जुन्या जरीत चांदी असू शकते, आधी जाणकाराला दाखवा. आणि प्रत्येक घडी उलगडून पाहा. त्या पिढीच्या कित्येक बायका नोटा, सोन्याचे मणी तिथेच जपून ठेवत.