काळ्या पडद्यावरच्या ओळी कशा टिपायच्या?

प्रश्न : जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं. खिडक्या, चिन्हं काहीच येत नाही; काळ्या पडद्यावर नुसत्या एररच्या ओळी. प्रिंटस्क्रीनचं बटणही चालत नाही. दुरुस्तीवाल्याला काय पाठवू?
– एक वाचक, दुसरबीड (ता. सिंदखेडराजा)

उत्तर : बटण चालणार कसं? त्याला दाद देणारी खिडक्यांची यंत्रणाच सुरू झालेली नाही. पण सगळी अक्षरंच असताना चित्र हवं कशाला? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकदम दाबून दुसऱ्या कन्सोलवर लॉगिन करा. पहिल्या कन्सोलवर दिसणारा मजकूर 'डेव्ह' फोल्डरमधल्या 'व्हीसीएस१' या फाइलमधून वाचता येतो. 'सूडो' लावून 'कॅट'ने तो साध्या फाइलमध्ये उतरवा. ओळी सलग येतात. 'फोल्ड'ला पडद्याची रुंदी (जुन्या पडद्यांवर बहुधा ८० अक्षरं) सांगितली की सुट्या होतात. वर सरकून गेलेल्या ओळी मात्र यात नसतात, त्या 'डीमेसेज'मध्ये शोधा. चित्रच हवं असेल तर 'एफबीग्रॅब' पीएनजी काढून देतं, तेही फ्रेमबफर चालू असेल तर. माझं मत विचाराल तर मजकूरच पाठवा. दुरुस्तीवाल्याला तो शोधता, चिकटवता येतो. संगणक पुरता गोठला असेल, तर मात्र मोबाइल काढा आणि फ्लॅश बंद ठेवा.