शांत पाणी आणि समुद्राची ओढ

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत तीन दिवस तारकर्लीला समुद्रकाठच्या निवासात सहकुटुंब राहण्याचा बेत आहे. मला कृष्णेत पोहण्याचा सराव आहे. जिथे लाटा फुटत नाहीत, अशा शांत पाण्यात मुलांसह उतरणे सुरक्षित ना?
— एक वाचक, वाई

उत्तर : आपला बेत उत्तम आहे आणि तो रहित करण्याचे काही कारण नाही; मात्र दोन्ही अंगांना लाटा फुटत असून मधला पट्टा तेवढा निश्चल भासतो, तिथूनच पुष्कळदा किनाऱ्यावर चढलेले पाणी एकवटून वेगाने समुद्राकडे परतत असते, हे ध्यानी घेऊन तो पट्टा कटाक्षाने वर्ज्य करावा. नदीतला सराव तिथे पुरत नाही. हा प्रवाह माणसाला तळाशी खेचत नाही, दूर नेतो. म्हणून त्यात सापडल्यास त्याच्याशी झुंजून शक्ती न दवडता अंग सैल सोडून तरंगावे, हात उंचावून मदत मागावी आणि साधेल तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडून मग तीराकडे वळावे.

उतरण्यापूर्वी जीवरक्षकांना अथवा स्थानिक मच्छीमारांना जागा विचारावी, मनाईचा लाल बावटा असेल तिथे पाण्यात पाऊल टाकू नये, आणि मुलांना आपला हात पोहोचेल इतके जवळ, गुडघाभर पाण्यातच खेळू द्यावे. समुद्र खवळलेला असल्यास कर्लीच्या खाडीकाठी फिरावे. तो निवळल्यावर मालवणहून होडीने, तरंगते जाकीट घालून, शिवाजीमहाराजांनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग मुलांना अवश्य दाखवावा. एवढी दक्षता बाळगल्यास आपण निर्धास्त जावे.