जवळ बसून ऐकावयाचें संगीत

संगीताचे शास्त्रोक्त आणि लौकिक असे दोन प्रकार मानण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु ऐकणाराच्या दृष्टीनें पाहतां आणखी एक भेद संभवतो, व तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कांहीं संगीत दुरूनहि ऐकूं येतें. कांहीं जवळ बसूनच ऐकावें लागतें. मिरवणुकींतील ढोल पहिल्या प्रकारांत येतो. 'नाशिक ढोल' या नांवानें आपल्या शहराची कीर्ति सर्व महाराष्ट्रांत झाली आहे, आणि त्याची थाप कानांच्या आधीं छातीसच कळते. त्याविषयीं आज आम्ही लिहीत नाहीं, कारण लक्ष वेधून घेण्यास त्यास कोणाच्या लेखणीची गरज नाहीं. आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस आम्ही परिचय करून देऊं इच्छितों तो दुसऱ्या प्रकाराचा.

प्रथम गोंधळ घेऊं. विवाहानंतर अथवा कुळाचार म्हणून पुष्कळ घरीं गोंधळ घालतात. पाटावर नवें वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटवितात. मुख्य गोंधळी पायघोळ झगा व कवड्यांच्या माळा घालून उभा राहतो. त्याच्या मागें संबळ, तुणतुणें व झांज वाजविणारे. आरंभीं गण होतो, मग देवतांस आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा यांस नांवें घेऊन बोलाविण्यांत येतें. आणि आपल्या जिल्ह्यांत वणीच्या सप्तशृंगीस कोण विसरेल? एवढा भाग बहुतेकांच्या परिचयाचा असतो, व एवढ्यावरच बहुतेक मंडळी जेवणाच्या पंगतीकडे वळतात. खरी मौज पुढें आहे. पुढें आख्यान लागतें. नायक कथा सांगूं लागतो आणि साथीदार भोळेपणाचा आव आणून मध्येंच कांहींतरी विचारतो. त्या प्रश्नानें नायक अडत नाहीं; उलट त्यावरच पाय देऊन तो कथेची पुढची पायरी चढतो. गद्यांतून पद्यांत आणि हंसण्यांतून करुणेंत जाण्याचा हा प्रवास रात्रभर चालूं शकतो.

या प्रवासांत संबळाकडे विशेष लक्ष द्यावें. संबळ म्हणजे दोन लहान नगाऱ्यांची कमरेस बांधलेली जोडी. एकाचा आवाज चढा व टणक, दुसऱ्याचा खोल. काठ्याहि दोन, पण सारख्या नव्हेत. एक सरळ असते, दुसरी टोकाशीं वळलेली. नायक बोलूं लागला कीं वाजविणारा हात आंखडतो, गाणें सुरू झालें कीं पुनः मोकळा सोडतो. हें आंखडणें व सोडणें ज्याच्या ध्यानांत आलें, त्यानें गोंधळ ऐकला असें आम्ही म्हणूं.

तुणतुण्याची योग्यता मात्र फार थोड्यांस कळते. एक लांकडी नळकांडें, त्याच्या तळाशीं कातडें, कातड्याच्या मधोमध अडकविलेली एकच तार, व ती ताणण्यासाठीं बाजूच्या दांड्यावर एक खुंटी. त्यांतून चाल निघत नाहीं, तान निघत नाहीं. निघतो तो एकच स्वर. 'आपलेंच तुणतुणें वाजविणें' हा वाक्प्रचार ज्यानें रूढ केला त्यानें या वाद्यावर अन्यायच केला आहे. तो एक स्वर सतत कानीं असतो म्हणून गाणारा तासन् तास गाऊनहि आपल्या जागेवरून ढळत नाहीं. बैठकींत तंबोरा जें काम करतो तेंच काम हें गरिबाघरचें वाद्य उभ्यानें करतें.

कातड्यावर तार ताणण्याची ही युक्ति आफ्रिकेंतहि आहे. तेथील माणसांस गुलाम करून अमेरिकेंत नेण्यांत आलें. त्या परमुलुखांत त्यांनीं भोपळ्यावर कातडें ताणून आपलें वाद्य पुनः घडविलें, व त्यापासून पुढें बँजो झाला. केंटकी संस्थानांत जन्मलेल्या बिल मन्रो (1911–1996) यानें बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार इत्यादि वाद्यांचा मेळ घालून जी गायनपद्धति रूढ केली, तिला त्याच्या 'ब्ल्यू ग्रास बॉइज' या मंडळीवरून 'ब्ल्यूग्रास' हें नांव मिळालें. 1945 च्या अखेरीस तीन बोटांनीं बँजो वाजविणारा अर्ल स्क्रग्ज त्या मंडळींत आला व या पद्धतीस तिचें ओळखीचें रूप मिळालें. हे वादक एकाच ध्वनिग्राहकाभोंवतीं दाटीनें उभे राहत. ज्याची पाळी तो पुढें सरे, बाकीचे मागें हटत. आवाज कमीजास्त करण्याचें काम यंत्राकडे नसून पायांकडे होतें. आमच्या गोंधळ्यांस केंटकीचें नांवहि ठाऊक नसेल, पण ही विद्या त्यांस पूर्वापार अवगत आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. आपल्या वरातींत ज्यास 'बेंजो' म्हणतात तें हें वाद्य नव्हे. कळा दाबून वाजविण्याचें तें वाद्य बुलबुलतरंग होय, व त्याचें मूळ जपानांतील नागोया शहरीं 1912 सालीं निघालेल्या ताइशोगोतो या वाद्यांत आहे. नांव अमेरिकेचें, घराणें जपानचें आणि चाकरी नाशिकच्या वरातींत!

आतां शहर सोडून पश्चिमेस पेठ, सुरगाणा या तालुक्यांकडे चलावें. तेथील कोकणा व वारली लोकांत थाळीवर कथा सांगण्याची रीत आहे. वाद्य पाहूं जातां कांहींच नाहीं. घरांतील धातूची थाळी घ्यावयाची आणि तिच्या मधोमध मेणानें एक बारीक काडी उभी चिकटवावयाची, कीं वाद्य तयार झालें. कथा सांगणारा ती काडी दोन्ही हातांच्या बोटांनीं वरून खालीं एकसारखी ओढीत राहतो आणि थाळींतून भुंग्याच्या गुंजारवासारखा गंभीर नाद निघतो. पाण्यानें भिजविलेलें बोट कांचेच्या पेल्याच्या कांठावरून फिरवून आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांनीं नाद काढला असेल. तत्त्व तेंच आहे. बोट काडीस क्षणभर धरतें, सुटतें, पुनः धरतें. त्यामुळें काडीस कंप सुटतो, तो मेणावाटे थाळींत उतरतो आणि थाळी विस्तृत असल्यामुळें भोंवतालच्या हवेस हालविते. व्हायोलिनच्या गजास राळ लावतात तीहि याच धरण्या-सुटण्यासाठीं. हा नाद लहान असतो. कोणी शेजारीं बोलूं लागला तर तो बुडतो. त्यावर कणसरी या अन्नदेवतेची कथा चालते तेव्हां सांगणारा जितका आवश्यक तितकाच गप्प बसणारा श्रोताहि आवश्यक असतो.

आमच्या चिंतेचा विषय हाच आहे. तारपा घ्या. भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडपत्राचा कर्णा यांचें तें वाद्य गालांत हवा सांठवून अखंड फुंकावें लागतें. परंतु त्याभोंवतीं नाचावयास माणसें जमतात, म्हणून त्यास अजून आधार आहे. थाळीस नाच नाहीं, रोषणाई नाहीं. तिचा सर्व आधार श्रोत्यावर. गोंधळाचेंहि तसेंच होऊं लागलें आहे. यजमान गोंधळ्यास बोलावितात, पण तासाभरांत आटपावयास सांगतात. मग गण व आवाहन राहतें आणि आख्यान गळतें. जें कोणी ऐकावयास मागत नाहीं तें गोंधळ्याचा मुलगा शिकणार कशासाठीं? त्यास पोट आहे, व तासाभराच्या बिदागींत रात्रीची विद्या पोसली जात नाहीं. त्यांत ध्वनिवर्धक आणून नायकाच्या तोंडापुढें धरतात, तेव्हां साथीदाराचा प्रश्न व तुणतुण्याचा स्वर दोन्ही हरपतात. वीस माणसांच्या अंगणांत यंत्राचें काय काम, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

चांगला श्रोता होण्यास सुद्धां शिक्षण लागतें. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर (1872–1931) यांनीं आयुष्याच्या उत्तरकाळीं आपल्या नाशकांत रामनाम आधाराश्रम स्थापिला. त्यांचे सुपुत्र दत्तात्रेय यांचा जन्महि 1921 सालीं येथलाच. पलुसकरांनीं 1901 सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून सामान्य घरच्या मुलांस संगीताची दारें उघडलीं. त्या मुलांतील सर्वच तानसेन होणें शक्य नव्हतें, परंतु कानसेन झाले ते पुष्कळ.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, आपल्या अगर शेजारच्या घरीं गोंधळ असेल तेव्हां मुलांस पंगत होतांच निजवूं नये. एका जागरणानें अभ्यास बुडत नाहीं. यजमानांनीं आख्यान आवर्जून मागावें व त्याचा योग्य मोबदला द्यावा. विद्यार्थ्यांनीं पुढें बसावें. मोबाइलवर टिपून घ्यावयाचें असेल तर आधीं गाणाराची अनुमति घ्यावी, आणि टिपण्याच्या नादांत ऐकावयाचें राहूं देऊं नये. वाद्याचें नांव व तें कसें बनतें हें वादकासच विचारावें. विश्रांतीच्या वेळीं विचारल्यास तो आनंदानें सांगतो असा आमचा अनुभव आहे.

ज्यांस यंदाच आरंभ करावयाचा असेल त्यांनीं पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरीं जावें. निवृत्तिनाथांच्या यात्रेस दिंड्या पायीं येतात. मोठ्या मंडपाकडे न जातां एखादी लहान दिंडी जेथें उतरली असेल तेथें कीर्तनापूर्वीं जाऊन बसावें. टाळकरी दोन रांगांत उभे राहतात, विणेकरी मध्यें येतो. मृदंग वाजविणारा एका बाजूस बसून कणीक मळतो व तिचा गोळा मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापतो. मग बोटानें टिचकी मारून ऐकतो, थोडी कणीक काढतो, पुनः ऐकतो. कणीक जितकी अधिक तितका नाद खोल. हें त्याचें जुळविणें चाललें असतां कोणी घाई करीत नाहीं. तें मनासारखें जुळलें म्हणजे तो मान वर करून विणेकऱ्याकडे पाहतो, आणि पहिली थाप पडते.