स्वखर्चाने प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहांचे वाचन व परीक्षण



आपल्या प्राथमिक शिक्षकवर्गात कथालेखन करणारांची संख्या अलीकडे वाढत चालली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. यांतील बहुतेक लेखकांचे संग्रह कोणी प्रथितयश प्रकाशक काढीत नाही. लेखक स्वतःच्या पगारातून पैसे बाजूला टाकतो, तालुक्याच्या गावच्या छापखान्यात खेटे घालतो, आणि दोनशे-तीनशे प्रती घरी आणून ठेवतो. आता तर मागणीइतक्याच, म्हणजे पंचवीस वा पन्नास प्रतीही छापून मिळतात. पुस्तकावर जो आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक असतो तोही आपल्या देशात विनामूल्य मिळतो. तो असला म्हणजे पुस्तकाची नोंद झाली, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तक चांगले असल्याचा तो दाखला नव्हे. हे सांगावे लागते, कारण एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत या क्रमांकाचाच उल्लेख गुणवत्तेचे प्रमाण म्हणून झालेला मी ऐकला आहे.

असे पुस्तक हाती आले असता ते वाचावे कसे, आणि त्याविषयी लिहावे वा बोलावे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक फरक ध्यानी घ्यावा. मराठी लघुकथा जी वाढली ती नियतकालिकांच्या आश्रयाने वाढली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले व त्यातून स्फुट गोष्टी लिहिल्या. १८९५ मध्ये निघालेल्या 'मनोरंजन' मासिकाने कथेस मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, आणि त्याच मासिकाने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. पुढे १९४५च्या सुमारास गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांची नवकथा बहरली, ती 'सत्यकथे'सारख्या मासिकांतून. या सर्व काळात लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादक नावाचा एक मनुष्य उभा असे. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा कोठे सैल पडली आहे ते दाखवीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९८२ मध्ये ते मासिक बंद झाले. संपादकाच्या या सत्तेविरुद्ध तक्रारीही पुष्कळ झाल्या. १९५५ पासूनच्या लघुनियतकालिकांच्या चळवळीचा जन्म काही अंशी अशाच असंतोषातून झाला. ते काहीही असो. स्वखर्चाने निघणाऱ्या संग्रहाच्या बाबतीत संपादकाची ही जागा रिकामी असते, आणि पुस्तकाचा पहिला परका वाचक हाच कित्येकदा त्याचा पहिला संपादक ठरतो. दुर्दैव असे की तोपर्यंत पुस्तक छापून झालेले असते.

यावरून परीक्षण करणाराच्या अंगावर केवढी जबाबदारी येते हे दिसून येईल. मी स्वतः ती एकदा टाळली आहे, आणि ती हकीकत येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

मी शिक्षक म्हणून नोकरीस लागून सात-आठ वर्षे झाली असतील. आमच्या शाळेतील एका वडीलधाऱ्या गुरुजींनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून बारा गोष्टींचे पुस्तक छापले. प्रकाशनसमारंभ शाळेच्या पटांगणातच झाला व पुस्तकावर बोलण्याचे काम मजकडे आले. मी प्रस्तावना वाचली, पहिली गोष्ट वाचली, आणि वीस मिनिटे बोललो. 'ग्रामजीवनाचे विदारक चित्रण', 'ओघवती भाषा', 'अंतःकरणास भिडणारी शैली' अशी सर्व नाणी मी त्या दिवशी खर्चून टाकली. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी गुरुजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, सातवी गोष्ट कशी वाटली तुम्हांला? तिचा शेवट मी तीनदा बदलला." मी म्हणालो, "फारच छान, गुरुजी." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मान हलविली, आणि कोणाला चहा मिळाला नाही ते पाहावयास ते पुढे गेले. त्यांच्या लक्षात आले होते.

सातवी गोष्ट मी त्यानंतर तीन वर्षांनी वाचली. तोपर्यंत गुरुजी सेवानिवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. संग्रहातील ती सर्वांत चांगली गोष्ट होती, आणि तिचा शेवट चुकला होता. मी त्यांना दोन पानी पत्र लिहून ते कळविले. उलट टपाली त्यांचे कार्ड आले: दुसरी आवृत्ती निघती तर ही दुरुस्ती अवश्य केली असती, परंतु पहिल्या आवृत्तीच्याच प्रती अजून माळ्यावर आहेत.

असो. परीक्षणाचा पहिला नियम त्या कार्डाने मला शिकविला. पुस्तक संपूर्ण वाचल्यावाचून त्याविषयी बोलू नये. हा नियम इतका उघड आहे की तो सांगण्याचीही लाज वाटावी. पण आपल्या समारंभांतून होणारी भाषणे ज्यांनी ऐकली आहेत त्यांस तो अनावश्यक वाटणार नाही.

वाचन दोनदा करावे. पहिल्या खेपेस हाती पेन्सिल घेऊ नये. एका बैठकीत एक गोष्ट वाचावी व पुस्तक मिटावे. लघुकथेचा परिणाम एकजिनसी असतो, आणि पाच गोष्टी सलग वाचल्या की त्यांची चव एकमेकींत मिसळते. दुसऱ्या दिवशी, पुस्तक न उघडता, काय आठवते ते टिपावे. एखादे माणूस आठवेल, एखादे वाक्य आठवेल, किंवा काहीच आठवणार नाही. ही टिपणे फार मोलाची असतात, कारण ती लेखकाची कीर्ती, प्रस्तावनाकाराचे शिफारसपत्र आणि आपला स्नेहसंबंध या तिन्हींपासून बऱ्याच अंशी मुक्त असतात. त्यानंतर पेन्सिल घेऊन दुसरे वाचन करावे.

दुसऱ्या वाचनात काय पाहावे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मागील वर्षी एका शिक्षिकेचा संग्रह माझ्याकडे आला. त्यांतील एका गोष्टीत ऊसतोडीस गेलेल्या जोडप्याची मुलगी आजीपाशी मागे राहते. शाळेत ती रोज येते, पण मधल्या सुट्टीनंतर नाहीशी होते. बाई चौकशी करतात तेव्हा कळते की शाळेतील खिचडी ती डब्यात भरून आजीसाठी घरी नेते, आणि आजीला एकटे जेववत नाही म्हणून तेथेच बसते. बाई दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रक उघडतात आणि दुपारच्या रकान्यावर पेन अडवून धरतात. गोष्ट येथे संपली असती तर मी ती कोणाही नामवंत लेखकाच्या गोष्टीशेजारी ठेवली असती. परंतु पुढे आणखी दीड पान आहे. त्यात एक मोठे अधिकारी शाळेस भेट देतात, मुलीची कहाणी ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आजीस पेन्शन मंजूर होते आणि मुलगी पुढे स्वतः शिक्षिका होते.

या गोष्टीवर दोन परीक्षणे मी वाचली. एकात ती 'शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी प्रेरणादायी कथा' ठरली होती. दुसऱ्यात 'शेवट अतिरंजित' एवढेच दोन शब्द होते. पहिल्याने लेखिकेस काहीच दिले नाही, आणि दुसऱ्याने फक्त दुखविले. खरे परीक्षण ते, ज्याने हजेरीपत्रकावर अडलेल्या त्या पेनाकडे बोट दाखविले असते. तेथे शिक्षिकेपुढे खरा पेच उभा राहतो: हजर लिहावे तर खोटे, गैरहजर लिहावे तर अन्याय. हा पेच आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवलेला आहे. बाहेरून अधिकारी आणून लेखिकेने तो सोडविला नाही, मोडून टाकला. असे लिहिले असते तर स्तुतीही झाली असती आणि दोषही दाखविला गेला असता, आणि दोन्ही एकाच जागी. (अधिकारी म्हणून माझा अनुभव असा की भेटीच्या दिवशी आम्ही बहुधा शेरेबुकच पाहतो, डोळ्यांत पाणी येण्याइतका वेळ नसतो. पण हा तपशिलाचा मुद्दा झाला.)

तेव्हा परीक्षणात स्थळ दाखवावे. 'भाषा ओघवती आहे' असे न म्हणता ती ज्या ठिकाणी ओघवती आहे ते वाक्य उतरून घ्यावे. 'संवाद कृत्रिम आहेत' असे म्हणावयाचे असेल तर माणदेशातला धनगर पुस्तकी मराठी कोठे बोलतो ते सांगावे. ज्यास असे एकही स्थळ सांगता येत नाही त्याने आपले मत अद्याप तयार झाले नाही असे समजावे. तसेच कथेने जे करावयाचे योजले आहे त्यावरून तिचे माप घ्यावे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली आली आणि बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली. पहिल्याचा संयम दुसऱ्यात शोधणे, किंवा दुसऱ्याचा दाह पहिल्यात मागणे, हे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

मुद्रणदोषांविषयी थोडे. स्वखर्चाच्या पुस्तकांत ते पुष्कळ असतात, आणि आपण व्यवसायाने वह्या तपासणारे असल्याने आपली दृष्टी प्रथम तेथेच जाते. त्यांची यादी लेखकाकडे स्वतंत्रपणे पाठवावी. परीक्षणात एका वाक्यात उल्लेख पुरे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर दोन परिच्छेद खर्च करणाऱ्या परीक्षकाने गोष्ट वाचली नाही असा माझा समज आहे.

आता एक नाजूक बाब. परीक्षण करणारा व लेखक यांच्यात अधिकाराचे नाते असू नये. मुख्याध्यापकाच्या पुस्तकावर त्याच शाळेतील साहाय्यक शिक्षकाने, किंवा माझ्यासारख्याच्या पुस्तकावर माझ्या बीटातील शिक्षकाने लिहिले, तर ते परीक्षण नव्हे, हजेरी होय. तीच गोष्ट शाळेच्या ग्रंथालयासाठी अशी पुस्तके घेण्याची. पुस्तक मुलांस योग्य आहे काय, एवढाच प्रश्न विचारावा. लेखक कोण आहे, हा नव्हे.

जगातील एका फार मोठ्या कथालेखकाचे पहिले पुस्तक असेच निघाले होते. आंतोन चेखोव्ह यांनी १८८४ साली, वैद्यकीचे शिक्षण संपविण्याच्या सुमारास, सहा गोष्टींचे एक छोटे पुस्तक स्वतःच्या जबाबदारीवर, छापखान्याची उधारी करून काढले. त्यावर खरे नावही नव्हते, टोपणनाव होते. विनोदी साप्ताहिकांसाठी ते भराभर लिहीत, आणि घरखर्च त्यावर चाले. १८८६च्या मार्चमध्ये ग्रिगोरोविच नावाच्या, साठी उलटलेल्या मान्यवर लेखकाचे त्यांस पत्र आले.  पत्रात त्यांच्या एका लहानशा गोष्टीचा उल्लेख होता, त्यांच्या ठिकाणी असामान्य शक्ती असल्याचे स्पष्ट सांगितले होते, काही ठिकाणचा ओंगळ तपशील अनावश्यक असल्याचे दाखविले होते, आणि मुदतीसाठी घाईने लिहिणे सोडा असा आग्रह होता. चेखोव्हनी उत्तरात प्रांजळपणे कळविले की एका दिवसाहून अधिक वेळ आपण एकाही गोष्टीस दिल्याचे आपणांस आठवत नाही. यापुढे त्यांचे लेखन सावकाश होऊ लागले. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, 'संधिप्रकाशात' या त्यांच्या संग्रहास पुश्किन पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. चेखोव्ह पत्रावाचूनही चेखोव्ह झाले असते, असे कोणी म्हणेल. मी वाद घालणार नाही. परंतु त्या पत्राची रचना पाहावी: एक विशिष्ट गोष्ट, एक स्पष्ट गुण, एक स्पष्ट दोष, आणि करता येण्याजोगी एक सूचना. ते पत्र लेखकास लिहिलेले आहे, सभेस नव्हे.

वर्गातही हे करून पाहता येते. सहावी-सातवीच्या मुलांस गोष्ट वाचून दाखविल्यावर 'गोष्ट आवडली का?' असे विचारू नये. सर्व मुले एका सुरात होकार देतात. 'तुझे मन कोठे थांबले?' किंवा 'कोणते वाक्य काढून टाकले तरी चालेल?' असे विचारावे. वर सांगितलेली गोष्ट मी एका वर्गात शेवटासह वाचून दाखविली. मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, "साहेब, पण मग तिच्या दुपारच्या हजेरीचं काय झालं?" दोन्ही लेखी परीक्षणांपेक्षा हे परीक्षण सरस होते. मी ते लेखिकेस कळविले आहे.

पुढील शिक्षण परिषदेस ज्यांना इच्छा असेल त्यांनी आपल्या तालुक्यातील कोणा लेखकाच्या एकाच कथेवर लेखी परीक्षण आणावे. ते दोन पानांहून मोठे नसावे. पुस्तक शक्यतो विकत घेतलेले असावे, भेट मिळालेले नसावे. परिषदेत वाचण्यापूर्वी परीक्षणाची एक प्रत लेखकास आठ दिवस आधी पाठवावी, आणि त्याचे उत्तर आल्यास तेही सोबत आणावे.