एक टेबल, सहा मुले, दीड तास

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये डोकावून बघा. टेबल टेनिसचे टेबल एक, मुले सहा-सात, आणि नियम ठरलेला: जिंकेल तो टेबलावर राहील. त्यातला तयार मुलगा तासभर हलत नाही. ज्याला सरावाची खरी गरज आहे तो ११-२ ने हरून पाच मिनिटांत बाकावर येऊन बसतो. तासाभरात त्याच्या वाट्याला फार तर दहा मिनिटे येतात. महिन्याभराने तो यायचा थांबतो आणि घरचे म्हणतात, त्याला आवडच नाही. आवड होती हो, पण त्याला चेंडूच मिळाला नाही.

या भागात मुलांचा सराव घेताना मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता आमच्याकडे पहिला तासभर कोणी गुण मोजत नाही. टेबल एकच असले तरी सहाही मुलांचा घाम निघेल अशी दीड तासाची आखणी आम्ही बसवली आहे. ती इथे क्रमाने देतो. उजव्या हाताने खेळणारा धरून लिहिले आहे. डावखुऱ्याने बाजू उलट्या घ्याव्यात.

आधी सामान. साधे सरावाचे सत्तर-ऐंशी चेंडू आणि एक बादली. टेबलाच्या मागे खिडकीच्या गजांना बांधायला जुनी मच्छरदाणी. ती लावली की चेंडू हॉलभर पळत नाहीत आणि वेचण्यात जाणारा निम्मा वेळ वाचतो. डब्यांची दोन स्टीलची झाकणे. दाराशी एक ओले फडके, कारण सोसायटीच्या हॉलमधल्या गुळगुळीत लादीवर कोरडे बूट घसरतात. तळवे फडक्यावर टेकवून मगच टेबलाशी यायचे. बूट रबरी तळव्याचेच हवेत. चपला घालून किंवा अनवाणी कोणालाही खेळू देऊ नका, पाय मुरगळला तर दोन महिने गेले. आणि टेबलावरचा पंखा बंद. चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा असतो. पंख्याखाली तो जिथे पडायला हवा तिथे पडत नाही, आणि मूल चुकीच्या जागी बॅट न्यायला शिकते. मे महिन्यात हे जड जाते, म्हणून दर वीस मिनिटांनी थांबायचे, पंखा लावायचा, पाणी प्यायचे.

पहिली दहा मिनिटे बॅट पिशवीतच राहू द्या. दोरीवरच्या उड्या, खांदे आणि मनगटे मोकळी करणे, मग टेबलाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आडव्या पावलांनी जाणे-येणे. टेबलाची रुंदी १.५२५ मीटर, म्हणजे दोन-तीन पावलांचे काम. त्यात पाय एकमेकांवरून जाता कामा नयेत, टाचा जमिनीला चिकटता कामा नयेत, गुडघे वाकलेलेच राहायला हवेत. वीस सेकंद हालचाल, वीस सेकंद विश्रांती, असे सहा वेळा.

पुढची दहा मिनिटे शॅडो. सहाही जण ओळीत उभे राहतात, हातात बॅट आहे पण चेंडू नाही. या भागात मुले कंटाळतात आणि शिकवणारेही तो गाळतात. माझे ऐकाल तर बाकी काही गाळा, हे गाळू नका. पाय खांद्यांहून थोडे रुंद, उजवे पाऊल किंचित मागे, वजन चवड्यांवर. कोपर अंगापासून मूठभर दूर. फोरहॅन्डसाठी आधी कंबर उजवीकडे वळते, तिच्याबरोबर बॅट मागे जाते आणि उजव्या पायावर भार येतो. मग कंबर परत येते, भार डाव्या पायावर सरकतो आणि बॅट कमरेच्या उंचीवरून कपाळापर्यंत येते. जवळजवळ प्रत्येक नवे मूल हा फटका नुसत्या हाताने मारते, कंबर जागची हलत नाही. त्यावर आमचा एक उपाय आहे. मुलाचा डावा हात त्याच्याच पोटावर ठेवायला लावायचा आणि सांगायचे, फटका मारताना हा हात वळला पाहिजे. चार-पाच दिवसांत फरक दिसतो. प्रत्येकी तीस फोरहॅन्ड, तीस बॅकहॅन्ड, आणि मग दोन्हींची जोड पावलांसकट.

आता टेबल. इथे एक बारीक गोष्ट आहे. कोपऱ्यातून कोपऱ्यात, म्हणजे तिरके खेळणे नवशिक्याला सोपे जाते, कारण टेबल लांब मिळते. पण दोन जोड्या एकाच वेळी तिरक्या खेळल्या तर त्यांचे चेंडू मधोमध आपटतात. म्हणून चार मुलांना सरळ रेषेत उभे करा. मधल्या पांढऱ्या रेषेने टेबलाचे दोन भाग पडलेलेच असतात. एक जोडी डाव्या भागात, दुसरी उजव्या. समोरासमोरचे दोघेही उजवे असतील तर एकाचा फोरहॅन्ड दुसऱ्याच्या बॅकहॅन्डवर जातो. पाच मिनिटांनी जागा बदला. उरलेले दोघे भिंतीशी बॅटवर चेंडू उडवतात, एकदा काळ्या बाजूने आणि एकदा लाल बाजूने, आणि दर पाच मिनिटांनी टेबलावरच्या दोघांची जागा घेतात. जोरात मारायला बंदी. एकच लक्ष्य: सलग पन्नास. मोठ्याने मोजायचे. एकोणपन्नासला चुकले की पुन्हा एकपासून. पन्नास जमले की तीच जोडी पुशवर जाते: चेंडू नेटच्या जवळून, खालून कापत, हळू. पुशमध्ये पंचवीस पुरे.

यानंतरची पंचवीस मिनिटे मल्टीबॉल, आणि आखणीचा गाभा हाच आहे. एक मूल खेळते, एक जण बादलीतून चेंडू देतो, दोघे मच्छरदाणीपाशी वेचतात, दोघे खेळणाऱ्याच्या मागे सुरक्षित अंतरावर उभे राहून त्याच्याबरोबर शॅडो करतात. चाळीस चेंडू झाले की फेर बदलतो. चेंडू देणाऱ्याने नेटपासून हातभर मागे, टेबलाच्या कडेला उभे राहावे, चेंडू आपल्या बाजूला एक टप्पा पाडून मग बॅटने पुढे द्यावा. घाई करायची नाही. मुलाचा फटका नेट ओलांडून गेला की पुढचा चेंडू निघतो. पालक उभे असतील तर त्यांना हे काम शिकवा, दोन रविवारांत जमते.

पहिल्या आठवड्यात सगळे चेंडू एकाच जागी द्या. दुसऱ्या आठवड्यात एक बॅकहॅन्डला, एक फोरहॅन्डला, आलटून पालटून. तिसऱ्यापासून फाल्केनबर्ग. स्वीडनमधल्या फाल्केनबर्गच्या क्लबवरून हे नाव पडले आणि जगभरात हा सराव चालतो. तीन चेंडूंची साखळी आहे. पहिला डाव्या कोपऱ्यात, तो बॅकहॅन्डने. दुसराही त्याच कोपऱ्यात, पण आता डावीकडे सरकून, शरीर बाजूला काढून फोरहॅन्डने. तिसरा थेट उजव्या कोपऱ्यात, तिथे धावून पुन्हा फोरहॅन्ड. आणि परत पहिल्या जागी. टेबल टेनिसमध्ये पायांना जे जे करावे लागते ते या तीन चेंडूंत येते. दुसरा चेंडू सगळ्यांत अवघड, कारण मूल सरकायचा कंटाळा करते आणि कोपर पोटात घेऊन कसाबसा मारते. तिथे थांबवा. चेंडू बाजूला ठेवा, नुसती पावले दहा वेळा करून घ्या, मग पुन्हा बादली. दहा वर्षांखालच्या मुलाला सलग पाच साखळ्या पुष्कळ झाल्या. चौदा-पंधराच्या मुलाकडून दहा काढता येतात, पण पाय जड पडले की तिथेच थांबायचे. दमलेल्या पायांनी चुकीचा फटका पक्का होतो.

मग पंधरा मिनिटे सर्व्हिस. खेळातला हा एकच फटका असा आहे की जो पूर्णपणे आपल्या हातात असतो, आणि आपल्याकडे सर्वांत कमी सराव त्याचाच होतो. नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा: चेंडू उघड्या सपाट तळहातावर, टेबलाच्या पातळीच्या वर आणि शेवटच्या रेषेच्या मागे; किमान १६ सेंटिमीटर सरळ वर उडवायचा; खाली येतानाच मारायचा; समोरच्याला तो सतत दिसला पाहिजे. हातातूनच मारायची सवय लागलेली मुले जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात गुण गमावतात आणि रडवेली होतात. ते दुःख आधीच टाळता येते. आता ती स्टीलची झाकणे पलीकडच्या भागात ठेवा, एक नेटजवळ, एक दूरच्या कोपऱ्यात. चेंडू झाकणावर पडला की टणकन आवाज येतो, आणि कोणाला काही सांगावे लागत नाही. मागे फिरणाऱ्या सर्व्हिसची परीक्षा घरीही होते. लादीवर बसून चेंडूच्या खालून बॅट घासा. चेंडू पुढे जाऊन परत आपल्याकडे आला तर फिरकी लागली. हे घरी रोज पन्नास वेळा.

शेवटची पंधरा मिनिटे मात्र गुणांची, कारण मुलांना त्याचीच ओढ असते आणि ती असायलाच हवी. पण ८-८ पासून सुरू करा. दोघांनाही प्रत्येक गुण मोलाचा वाटतो, डाव तीन मिनिटांत संपतो, आणि जिंकणाराही बाहेर, हरणाराही बाहेर. एक अट घालायची: सर्व्हिस करणाऱ्याने परत आलेला चेंडू पुढे सरकून मारायचाच, चुकला तरी चालेल.

रविवारी हा शेवटचा भाग दुहेरीला द्या, एका टेबलावर चौघे खेळतात. चेंडू आळीपाळीने मारावा लागतो, त्यामुळे मारून झाले की बाजूला होणे हाच अर्धा खेळ. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या सांघिक अंतिम सामन्यात आपल्या ठाण्याची मधुरिका पाटकर एकेरीत हरली आणि लगेच पुढे मौमा दासबरोबर दुहेरी जिंकली. भारताने सिंगापूरला ३-१ ने हरवून सुवर्ण घेतले. मुलांना मी हे दरवेळी सांगतो. हरून बाकावर बसलेला खेळाडू त्याच संध्याकाळी पुन्हा उठून खेळतो, हे त्यांना ऐकायला मिळाले पाहिजे.

लोकलमधून उतरून रात्री साडेआठला येणाऱ्या मोठ्यांसाठी हीच आखणी निम्मी करा. त्यांनी पहिली दहा मिनिटे तर मुळीच सोडू नयेत, दिवसभर खुर्चीत आणि तासभर गर्दीत आखडलेला खांदा पहिल्याच जोरकस फटक्याला दुखावतो. चाळिशीनंतर फाल्केनबर्गऐवजी दोन कोपऱ्यांचा साधा सराव आणि भरपूर ब्लॉक, म्हणजे आलेला चेंडू बॅट आडवी धरून नुसता परतवणे, एवढे पुरे.

पावसाळ्याचे वेगळे. जून ते सप्टेंबर रबरावर दमट थर बसतो, चेंडू पकडतच नाही, आणि मुलाला वाटते आपलाच फटका बिघडला. दर डावानंतर रबर कोरड्या सुती कापडाने पुसा, चेंडूही पुसा. घरी गेल्यावर ओल्या स्पंजने धूळ काढून, वाळवून, वर प्लॅस्टिकचा कागद लावून ठेवा. बॅट गाडीच्या डिकीत किंवा उन्हाच्या खिडकीत राहिली तर रबराचा जीव जातो.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कितीतरी सोसायट्यांच्या हॉलमध्ये टेबल आहे, आणि त्यावर गणपतीनंतर रचलेल्या खुर्च्या आहेत. त्याला जागा लागते साधारण वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद, आणि संध्याकाळचा दीड तास. सोसायटीच्या समितीवरच्या मंडळींना माझी विनंती आहे, या रविवारी त्या खुर्च्या खाली उतरवा आणि हॉलची किल्ली मुलांपैकी एकाच्या आईकडे द्या.